मलमलीखालचे ऊन

जपणे आणि झाकणे या एकाच मायेच्या पोटी जन्मलेल्या सख्ख्या बहिणी. पण दोघींचे स्वभाव निराळे, आणि संसारात त्यांची अदलाबदल फार सहज होते. ज्या वस्तूला आपण जीव लावतो तिच्यावर आपला हात आपोआप पांघरूण घालतो. पुष्कळदा त्या पांघरुणाने ती वस्तू वाचते. क्वचित मात्र असे घडते, की ज्याच्यापासून तिला वाचवायला आपण धडपडतो, तेच तिचे अन्न असते. अशा वेळी दोष कोणाला द्यावा? हात निर्दोष, माया निर्दोष, आणि तरीही कोणाच्या तरी वाट्याला उपास येतो. ही गोष्ट अशाच एका निर्दोष हाताची आहे.

तो हात वहिनींचा. एका मोठ्या वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात, जिथे खिडक्यांना तिहेरी पडदे होते आणि दिवेदेखील मुद्दाम मंद ठेवलेले होते, तिथे त्यांनी आपले सारे कर्ते आयुष्य जीर्ण वस्त्रांच्या डागडुजीत घालवले होते. राजांचे अंगरखे, गलबतांची निशाणे, कुणा अनाम बाळाचे टोपडे, जे समोर येईल ते. सुई केसासारखी आणि धागा त्याहून बारीक. या विद्येतला पहिला पाठ एकच: ऊन हा चोर आहे. तो आधी रंग नेतो, मग बळ नेतो, आणि बोट लावताच भुगा होणारे रेशीम तेवढे मागे ठेवतो. म्हणून काम थांबले, की वस्त्रावर कोरी मलमल. पाणी प्यायला उठायचे, तरी मलमल.

हा पाठ त्यांच्या हाडीमाशी इतका भिनला होता, की घरी शिलाईच्या यंत्राला, रेडिओला, फळांच्या परडीला, प्रत्येकाला आपापले झाकण होते. "मी जरा वेळ न हलता बसलो, तर ही माझ्यावरही अभ्रा चढवेल," असे त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगत. ते असे सांगत तेव्हा त्यांच्या गळ्यात आवाज होता.

यजमान आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघेही भिंगकार. वडिलांकडून आलेल्या एका लांबट, थंड खोलीत ते दुर्बिणींचे आरसे आणि भिंगे घासत. एका पिंपावर काच बसवायची, तिच्यावर दुसरी काच, मध्ये ओली बारीक पूड. आणि घासता घासता पिंपाभोवती आपणच फिरत राहायचे, म्हणजे कोणतीही एक बाजू जास्त झिजत नाही. मग खोली अंधारी करून आरशाची परीक्षा. समोर सुईच्या टोकाएवढा उजेड, त्याच्यापुढे एका पात्याची कड, आणि आरशावर उमटणारी सावली. ती कुठे जाड, कुठे पातळ, यावर पुढचे घासणे ठरायचे. ती सावली वाचण्यात धाकटा निष्णात होता. पुढे त्याच्या डोळ्यांत एक असा आजार शिरला, की दृष्टी कडेकडेने विझत आत आली आणि एके दिवशी मध्यावरचा शेवटचा कवडसाही मिटला.

तेव्हापासून सावली थोरला पाहू लागला आणि धाकट्याला सांगू लागला. घासण्याचे काम मात्र धाकट्याच्याच हातांकडे राहिले. त्या सांगण्या-ऐकण्यातून दोघांची एक बोली घडली. पातळ उजेडाला ते 'साय' म्हणत, मळकट छायेला 'राख', आणि उजेड-अंधाराच्या सीमेला 'धार'. "डाव्या काठाला राख आहे. आत साय, पण फाटकी," एवढे थोरल्याने म्हटले, की धाकट्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे अख्खा आरसा उभा राही. वहिनी चहा घेऊन जात तेव्हा दाराशी अंमळ थबकत. एक माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांत शब्दांनी उजेड ओततो आहे, असे त्यांना वाटे, आणि मध्ये बोलून ती धार मोडू नये म्हणून त्या कपांचा आवाजही होऊ देत नसत.

मग थोरल्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी प्राण वाचवले आणि स्वरयंत्र काढून घेतले. गळ्याच्या खोबणीत श्वासापुरते छिद्र उरले. त्यावर वहिनींनी शिवलेला मलमलीचा रुमाल आला. आणि हातात एक यंत्र आले, लहानशा विजेरीएवढे. ते हनुवटीखाली टेकवून कळ दाबली, की गुणगुणू लागे. ती गुणगुण तोंडात शिरे, आणि ओठ व जीभ तिला शब्दांचा आकार देत. डब्यात कोंडलेला भुंगा मनुष्यवाणी शिकतो आहे, असा तो आवाज. धाकट्याने पहिल्याच दिवशी त्याचे नाव भुंगा ठेवून टाकले.

"दादाला आता बटण आहे," तो म्हणाला. "वहिनी, जगातल्या सगळ्या बायका तुमचा हेवा करतील."

"बटण त्यांच्याच हातात आहे ना, भाऊजी! माझ्या हातात कुठं आहे?"

त्या आवाजाला परके लोक बिचकत. धाकटा कधी बिचकला नाही. "आवाज म्हणजे काय हो वहिनी?" तो म्हणे. "बोलता बोलता माणूस कुठं थांबतो, तो त्याचा आवाज. दादा अजून तिथंच थांबतो."

या भावांच्या वडिलांनी तरुणपणी एकदा खग्रास सूर्यग्रहण पाहिले होते. मुले पुन्हा पुन्हा विचारत, "बाबा, कसं असतं?" त्या बोलक्या माणसाने या प्रश्नाला हयातभर एकच उत्तर दिले: "ते सांगता येत नाही." ते उत्तर धाकट्याच्या मनात कुसळासारखे रुतून बसले. डोळे गेल्यावर तर अधिकच.

"बाबांना सांगता आलं नाही, कारण त्यांना सांगायची सवय नव्हती," तो म्हणे. "दादाला आहे. दादा मला सांगेल."

आता चंद्राची छाया एका उंच, ओसाड पठारावरून जाणार होती. यानंतर ती या बाजूला पुन्हा येईल तेव्हा या घरातले कोणीही उरलेले नसेल, हे गणित दोघा भावांनी कधीच मांडून ठेवले होते.

"तुला दिसणार नाही," भुंगा सपाट स्वरात म्हणाला.

"आणि तुला धड बोलता येत नाही," धाकटा उत्तरला. "दोघांचं मिळून एक माणूस होतंय. तेवढं पुरे. निघायचं कधी?"

पठारावर वीज नव्हती, आणि भुंग्याला तर रोज भरवावे लागे. तेव्हा वहिनींनी दुकानातून एक सौर चार्जर आणला. पुस्तकासारखा उलगडणारा; जाड कापडावर शिवलेल्या गडद निळ्या, चकचकीत पाट्या, आणि कापडाच्या खिशात वीज साठवणारी एक डबी. मोबाइल असो, दिवा असो, भुंगा असो, जे तिला जोडावे त्याला ती दूध पाजल्यासारखी वीज पाजी. कापडाची शिलाई वहिनींनी उलटून पाहिली आणि ती त्यांना पसंत पडली.

"उन्हात ठेवायचं, बास," दुकानदार म्हणाला. "हा लाल दिवा लागला, की समजायचं काम चाललंय."

"याची जबाबदारी माझी," वहिनींनी घरी येऊन जाहीर केले.

जीपवाल्याने त्यांना पठारावर सोडले, ग्रहणानंतर न्यायला येण्याचे कबूल केले आणि तो धूळ उडवीत उतरून गेला. तंबू, स्टोव्ह, तीन खुर्च्या आणि क्षितिजापर्यंत आखूड गवत. झाड नाही, भिंत नाही, सावली नाही. इतके उघडे आकाश वहिनींनी जन्मात पाहिले नव्हते. जगाचे झाकणच कुणीतरी काढून ठेवले आहे, असे वाटून त्या पहिला सगळा दिवस जराशा खांदे आवळून वावरल्या.

रोज सकाळी त्या चार्जर एका सपाट खडकावर उलगडीत. पाट्या नीट, एका रेषेत. आणि मग त्यांचा हात, त्यांना न विचारता, पिशवीतली कोरी मलमल काढी, झटकी, पाट्यांवर पसरी आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवी. मन त्या वेळी भलतीकडेच असे: चहा उकळला का, भाऊजींची काठी कुठे आहे. मलमलीतून लाल दिवा मिणमिणताना दिसला, की त्या समाधानाने वळत. उपाशी माणूसही डोळे उघडे ठेवतोच, हे त्यांना कोण सांगणार? लाल दिव्याला उन्हाचा एक घोट पुरत होता. डबीच्या पोटात मात्र काही पडत नव्हते.

संध्याकाळी थोरल्याला बोलण्याचे उधाण येई. कोणता तारा कुठे उगवला, कोणता पिवळट, कोणता निळसर, हे तो धाकट्याला सांगत बसे. घरून भरून आणलेली बॅटरी संपली, मग जोडीची दुसरी घातली. वहिनींचा मोबाइलही कधीच डोळे मिटून पडला होता. "चार्जर आहे की. डबी भरतेय, लागेल तेव्हा जोडू," त्या म्हणत. सगळेच म्हणत.

ग्रहणाचा दिवस निरभ्र उजाडला. न्याहारी झाली. थोरल्याने ग्रहणाचे काळे चष्मे वाटले. त्याने दोनच काढले तशी धाकट्याने हात पुढे केला.

"मलाही दे. माझे डोळे काय वाटेवर पडलेत?"

वहिनींनी हसत तिसरा चष्मा काढून त्याच्या नाकावर चढवला. थोरल्याने वर पाहिले, घड्याळ पाहिले, आणि सूर्याच्या उजव्या काठाला पहिला चावा बसल्याचे सांगण्यासाठी भुंगा गळ्याला लावला. त्याने कळ दाबली. भुंग्याने एक खोल, थकलेला सूर काढला आणि तो गप्प झाला.

थोरल्याने पुन्हा दाबली. काही नाही. त्याचे ओठ हलले, आणि त्या उघड्या माळावर त्याच्या ओठांतून काहीच बाहेर आले नाही.

"दादा? सुरू झालं का?" धाकट्याने विचारले.

वहिनी भुंगा घेऊन खडकाकडे धावल्या. मलमलीखाली लाल दिवा रोजच्यासारखाच मिणमिणत होता. त्यांनी तार जोडली. भुंगा ढिम्म. डबीवरची साठ्याची खूण कोरी. पाट्यांना हात लावून पाहावा म्हणून त्यांनी मलमल उचलली, आणि उचलताच लाल दिवा असा लखकन पेटला, की त्यांचा हात हवेतच राहिला.

मलमल त्यांच्या मुठीत होती. आपण काय केले ते त्यांना कोणी सांगावे लागले नाही. क्षणभर मनात आले, मलमल पिशवीत कोंबावी आणि यंत्रच बिघडले म्हणावे. एक भाऊ आंधळा, दुसरा मुका. कोण विचारणार होते? हा विचार आला आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्या मलमल तशीच हातात घेऊन परत आल्या.

"अहो, मी झाकून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "रोज. उन्हात ठेवलं आणि वरून झाकलं. मला कळलंच नाही मी झाकतेय ते. भाऊजी, मी तुमच्या दादांचा आवाज उपाशी मारला."

थोरल्याने मलमलीकडे पाहिले, मग बायकोच्या चेहऱ्याकडे. धाकटा खुर्चीत पुढे सरकला.

"काय झाकलं? सौर चार्जर झाकला? उन्हापासून?"

"हो."

धाकटा हसू लागला. प्रथम नाकातून, मग पोट धरून, डोळ्यांवरचा काळा चष्मा घसरेपर्यंत.

"वहिनी, मासा बुडेल म्हणून त्याला कडेवर घेतलंत की हो तुम्ही!"

"हसू नका भाऊजी. मला आत्ता रडू येतंय."

"मग रडायचं मागाहून. सूर्य अजून बराच शिल्लक आहे. इकडे आणा ते पुस्तक."

तार थेट भुंग्याला जोडली गेली. धाकट्याने उलगडलेल्या पाट्या मांडीवर घेतल्या, चष्मा कपाळावर सारला आणि तोंड वर केले. त्याने मान थोडी डावीकडे, थोडी वर नेली. मग अगदी त्याच रोखाने पाट्या कलत्या केल्या. "इथं," तो म्हणाला. "ऊन नेमकं कुठून येतं ते माझ्या गालाला कळतं. तुम्ही डोळेवाले लोक नुसते दिपता." लाल दिवा ठळक झाला. थोरला त्याच्या मागे उभा राहिला, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. त्याने वहिनींना खूण केली, आधी सूर्याकडे, मग त्यांच्या तोंडाकडे. तू सांग.

"मला नाही जमायचं," वहिनी म्हणाल्या. "मला तुमची ती साय आणि राख कुठं येते? त्यांना तुमच्याकडून ऐकायचंय. जन्मभर थांबलेत ते."

मग एक विलक्षण शर्यत सुरू झाली. वर सूर्य हळूहळू खाल्ला जात होता, आणि खाली त्याच सूर्याचा उरलेला भाग एका लहानशा भुंग्याच्या पोटात घासाघासाने उतरत होता. पोटात किती उतरले हे दाखवणारी खूण त्या यंत्राला नव्हती. प्रयोग करून पाहावा तर साठलेले तेवढेच खर्च होणार. कोट्यवधी कोसांवरून निघालेला किरण, वाटेत कोठे न अडखळता, एका वृद्धाच्या गालावरून सरकून त्याच्या मांडीवरच्या निळ्या पाटीत शिरत होता, आणि तिथे त्याचा शब्द होऊ घातला होता. सविता प्रेरणा देतो, वाणीला चालना देतो, असे जे जुन्या ऋषींनी गायिले, ते त्या माळावर एका तारेच्या दोन टोकांत उघड घडत होते. वहिनींना ऋचा येत नव्हत्या. पण ज्याला आयुष्यभर चोर म्हटले तो इतके देत असतो, हे पाहून त्यांचे हात आपसूक जुळले.

"ऊन पातळ झालं," धाकटा पुटपुटला. "गालाला आता नुसतं कोमट लागतंय."

प्रकाश बदलत होता. संध्याकाळ व्हावी तसा नव्हे. संध्याकाळला मऊपणा असतो. हा उजेड कडक होता आणि तरी कमी होता. गवताच्या प्रत्येक पात्याची सावली सुरीने कापल्यासारखी. वहिनींनी हातातली मलमल नकळत गवतावर पसरली होती, तिच्यावर त्यांच्या वेताच्या टोपीची सावली पडली, आणि त्यांनी खाली पाहिले.

"अगंबाई," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"टोपीच्या भोकांतून... भाऊजी, प्रत्येक भोकातून एकेक सूर्य पडलाय. कोरीव. नखाएवढे, कापलेल्या नखासारखे बाकदार. माझ्या मलमलीवर नुसता सडा पडलाय सूर्यांचा."

धाकट्याचे तोंड उघडे राहिले. पाट्या मात्र त्याने हलू दिल्या नाहीत.

गार वारा सुटला. कुठूनसा एक पक्षी जमिनीलगत घाईने उडत गेला. मलमलीवरचे बाकदार सूर्य बारीक झाले, दोऱ्यासारखे झाले. मग वारा पडला, आणि तरी मलमल थरथरू लागली.

"ती हलतेय," वहिनी म्हणाल्या. "नाही, नाही. मलमल स्थिर आहे. तिच्यावरून सावल्या सरपटतायत. पट्टे, पट्टे. उथळ पाण्याखालची वाळू दिसते ना, तसे. अहो, पाहा, पाहा!"

थोरल्याने मलमलीकडे पाहिले. वडिलांनी हे कधी सांगितले नव्हते. गवतावर ते दिसलेच नसते. त्यासाठी कोणीतरी पांढरे वस्त्र अंथरायला हवे होते. त्याने वहिनींकडे एकवार पाहिले, तार उपसली, भुंगा गळ्याला लावला आणि चष्मा डोळ्यांवर ओढून वर पाहिले.

भुंगा गुणगुणला.

"साय उतरली," थोरला म्हणाला. "राख. सगळीकडे राख."

धाकट्याने पाट्या मांडीवर पालथ्या घातल्या आणि श्वास रोखला.

"धार उरली. केसाएवढी." थोरला नेहमी थांबे तिथेच थांबला. "पश्चिमेकडून अंधार येतोय. पळत. धार तुटली. मणी झाले. मणी विझतायत. एक उरला."

एवढ्यात त्या पठारावर अंधार कोसळला. वहिनींच्या तोंडून अस्फुट किंचाळी निघाली.

"गेला," थोरला म्हणाला. त्याने चष्मा काढला. "आता..."

भुंग्याचा सूर खाली घसरला, घोगरा झाला आणि विझला.

"दादा? आता काय?"

थोरल्याचे ओठ हलत राहिले. वहिनींना ते ओठ वाचता येत, पण त्या अंधुक उजेडात काही उमगेना. मग, भुंगा गप्प झाल्यावर कितीतरी क्षणांनी, ते ओठही आपोआप थांबले. हात खाली आला. तो माणूस उघड्या तोंडाने नुसता वर पाहत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत गळ्यावरच्या रुमालात जिरत होते. वहिनींनी जाणले, की भुंगा भरलेला असता तरीही हा माणूस इथवर येऊन गप्पच झाला असता. बाबांचे उत्तर खरे होते.

"दादा!" धाकट्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "वहिनी! कोणीतरी सांगा हो! आता काय आहे?"

वहिनींनी कपाळावर सारलेला चष्मा ओढून काढला, तशी टोपीही गवतावर पडली. सारे आयुष्य ज्याच्यावर पडदे ओढले त्या सूर्याकडे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. त्यांच्याकडे साय नव्हती, राख नव्हती. त्यांच्याकडे जे होते तेच त्यांनी दिले.

"भोक पडलंय," त्या म्हणाल्या. "आभाळाला. गोल, काळं. इतकं काळं, की असा रंग मी कुठल्या कापडात पाहिला नाही. आणि त्याच्याभोवती रेशीम सुटलंय, भाऊजी. काठ उसवला की कसे धागे सुटतात, लांब, लांब, तसे. पांढरे. नाही, पांढरे नाहीत. मोत्याला आतून असतो तो रंग. एक झुपका इकडे लांब गेलाय, एक तिकडे. कोणी ओढत नाहीये त्यांना. मी जन्मभर सुटलेले धागे आत बसवत आले, आणि हे... हे सुटलेलेच असायला हवेत. यांना कोणी टाके घालू नयेत."

"आणखी," धाकटा म्हणाला.

"बाजूला एक तारा आहे. ठळक. भर दिवसा. आणि खाली, चारी बाजूंना, क्षितिजाला पहाट आहे. एका बाजूला नाही, सगळीकडे. मध्ये आपण आहोत."

"दादा काय करतोय?"

"रडतायत."

"मोठ्यांदा?"

"आवाज कुठं आहे त्यांना?" वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच हुंदका देऊन हसल्या.

धाकट्याने हात मागे नेला आणि भावाचा हात चाचपून घट्ट धरला. "मला दिसतंय," तो हळूच म्हणाला. "दादा, मला दिसतंय."

मग काळ्या वर्तुळाच्या काठावर एक थेंब उजळला. एवढासा, आणि तरी त्याच्यासमोर साऱ्या आकाशाने माघार घेतली. धाकट्याने चेहरा वळवला. त्याला तो थेंब गालावर लागला होता. "आला," तो म्हणाला, डोळसांच्याही आधी.

वहिनींनी पहिली गोष्ट केली ती ही, की पाट्या उचलून सुलट्या केल्या. गवतावरची मलमल त्यांनी घडी करून पिशवीच्या अगदी तळाशी ठेवली. चिमूटभर सूर्यावर लाल दिवा मिणमिणला, मग बळावला. भुंगा तारेला लावून तिघे खुर्च्यांवर बसले. पठारावर पुन्हा सकाळ झाली, त्या दिवसातली दुसरी. पक्षी गोंधळून गाऊ लागले. स्टोव्हवर चहा उकळला.

सूर्य भरत आला तेव्हा थोरल्याने तार काढली आणि भुंगा गळ्याला लावला. धाकटा सरसावून बसला. बाबांविषयी काही बोलेल, त्या अर्धवट राहिलेल्या 'आता'विषयी काही बोलेल, असे दोघांनाही वाटले. थोरल्याने बायकोकडे पाहिले. तिची टोपी गवतावरच पडली होती, आणि ती आपली उघड्या उन्हात, मान वर करून बसली होती.

"अगं, ऊन चढतंय," भुंगा म्हणाला. "डोकं झाक."

धाकट्याच्या हातातला चहा सांडला, इतका तो हसला. वहिनीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी टोपी उचलून बाजूच्या खडकावर ठेवली. "राहू दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या.

भुंग्याला रोज पोटभर ऊन मिळो. ज्या हाताने मायेने झाकले त्याला उघडण्याचेही बळ मिळो. ज्याला दिसत नाही त्याला सांगणारे कोणी, आणि ज्याचे शब्द अर्ध्यावर थांबतात त्याला पुढचे समजणारे कोणी, सदैव जवळ असो. त्या तिघांवर, आणि उघड्या माळावर आकाशाकडे तोंड करून बसलेल्या सर्वांवर, ते तेज असेच सौम्य राहो.